‘भंगारातल्या रबराचे बाराशे रुपये’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन लिहिलं की समोरच्या बंपरखाली लावलेला एअर डॅम, म्हणजे वारा अडवायची पट्टी, महिनाभरही टिकला नाही, भंगारातलं रबर लावून बाराशे रुपये उकळले, मायलेज काडीचंही वाढलं नाही आणि कामासाठी अख्खी दुपार बसवून ठेवलं. आपल्याला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं, पण भंगारातलं रबर लावून पैसे उकळले हे मनाला फार लागलं. समृद्धीवरून कारंजाला उतरणारा माणूस आता मोबाइलवर गॅरेज शोधतो. तो आधी तारे बघतो, मग आपलं हे वाक्य वाचतो आणि पुढे निघून जातो. माझं घर आणि हाताखालच्या पोराचं घर याच कामावर चालतं. म्हणून जरा लांबण लागली तरी सांगतो.

पट्टा जुना आहे हे मी लपवलं नव्हतं. काम सुरू करायच्या आधी आपल्या हातात दिला होता, वाकवून बघा म्हटलं होतं. कोळसा खाणीत, कारखान्यात माल वाहायला जो कन्व्हेअर बेल्ट असतो, त्याचाच तो तुकडा. आपल्याकडे लोक तोच गोठ्यात ढोरांच्या पायाखाली अंथरतात, ट्रॉलीला मागून फ्लॅप म्हणून लावतात. त्याच्या पोटात नायलॉनच्या कापडाचे पदर असतात आणि वरून-खालून रबर. कापडामुळे तो वाऱ्याने मागे दुमडत नाही आणि रबरामुळे गतिरोधकाला घासला तर वाकून पुन्हा सरळ होतो. ट्यूबचं नवंकोरं रबर लावलं असतं तर शंभरच्या वेगाला ते गाडीच्या पोटाखाली फडफडत राहिलं असतं, आणि तसा एअर डॅम असून नसल्यासारखाच. प्रचाराच्या बोर्डाची सनपॅक शीट फुकटात मिळते, पण एकदा घडी पडली की तिथूनच मोडते. प्लॅस्टिकचा ड्रम कापून लावला तर वैशाखातल्या उन्हात त्याला लहर येते. फायबरचा रेडीमेड लिप दिसतो देखणा, पैसे तिप्पट-चौपट आणि गावच्या गतिरोधकावर तडकतो. हे सगळे प्रकार करून पाहिल्यावर मी पट्ट्यावर आलो. स्वस्त आहे म्हणून घेतला हे खरं, पण या कामाला तोच चांगला म्हणून घेतला हेही तितकंच खरं.

बाराशेचा हिशेब आपल्याला तोंडी दिला होता, इथे सगळ्यांसमोर देतो. बंपरच्या रुंदीएवढी सहा मिलिमीटर जाडीची पट्टी 280 रुपये. रबर एकसारखं दाबून धरायला मागून लावलेली ॲल्युमिनियमची चपटी पट्टी 190. बोल्ट, मोठे वायसर आणि हादऱ्याने ढिले न होणारे नायलॉक नट 110. उरले 620, ती दोन माणसांची दुपारभराची मजुरी. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बंपरखाली धरून बघितला, गोलाई जुळेपर्यंत पुन्हा कापला, मग पट्ट्यावर खडूने उतरवला. बंपर कुठेही कापला नाही. पट्टी काढली की गाडी होती तशी. एवढ्या कामाला उकळले म्हणता, भाऊ, याचं वाईट वाटतं.

दुपार लागली त्याचं कारणही आपल्याला माहीत आहे. आपल्याला पट्टी अजून दोन इंच खाली हवी होती, मोबाइलमधल्या गाडीसारखी. मी पुढच्या चाकापासून पट्टीच्या कडेपर्यंत लाकडी फळी टेकवून दाखवलं की चढाला पहिला घास तिलाच लागेल. नियमाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलसर असतो. आपल्या गावोगावचे कसे आहेत ते आपण रोज बघता. शिवाय इंजिनखालचा जो सर्वांत खालचा भाग असतो, त्याच्याही खाली पट्टी नेऊन वाऱ्याचा फायदा वाढत नाही. गाडीच्या पोटाखाली सगळं उघडंनागडं असतं, तिथे वारा अडखळतो. तो वारा आत शिरण्याआधीच बाजूला काढायचा, एवढंच एअर डॅमचं काम. हे समजावण्यात वेळ गेला. मी दोन इंचाला तयार झालो नाही म्हणून आपण नाराज झालात, तेही मला कळलं होतं.

मायलेजचं आधीच बोललो होतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठला जेवढा, त्याच्या चौपट एकशेवीसला. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे, तिथे नागपूरपर्यंत एका लयीत गाडी चालवली तर थोडा फरक पडतो. थोडाच. आपली गाडी गाव ते कारंजा, कधी मंगरूळपीर, तेही चाळीस-पन्नासने. तिथे एअर डॅमच काय, कंपनीचा कोणताही भाग वाऱ्यातून मायलेज काढून देणार नाही.

आता टिकण्याचं. आपण रिव्ह्यूसोबत फोटो टाकला ते बरं झालं. तो मी मोठा करून पाहिला. बोल्ट सगळे जागच्या जागी आहेत, ॲल्युमिनियमची पट्टीही सरळ आहे. रबर डाव्या चाकाच्या बाजूने फाटलंय आणि फाटलेला भाग पुढच्या दिशेने वळलाय. कापडाचे धागे समोर लोंबताना दिसतात. मागच्या खाचेत काळी माती दाबून बसली आहे, तिच्यात सोयाबीनचं एक झाडही अडकलंय.

गाडी पुढे जाताना काही लागलं तर पट्टी मागे वाकते, ती तशीच लावलेली असते. पुढे वळून ती फाटते ती गाडी मागे ओढली गेल्यावरच. त्या आठवड्यात झड लागली होती. वावराकडे जाणाऱ्या पांधनीत टोंगळाभर चिखल असताना कार नेली, ती रुतली आणि ट्रॅक्टरला दोर बांधून मागून ओढून काढली, असं मला फोटोवरून दिसतं. आपण हे लिहिलं नाही. चिखलात रुतलेली पट्टी मागे ओढली तर मी लावलेलीच काय, कंपनीची पट्टीही बंपर सोडून आली असती. इथे बंपर शाबूत राहिला आणि रबराने मार घेतला. वावरात जाणं आपलं काम आहे, त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण पावसाळ्यात पांधनीत जायचं असेल तर आधी खालचे नट खोलून पट्टी काढून ठेवा, हे मी गाडी देतानाच सांगितलं होतं आणि तेरा नंबरचा पाना लागतो हेही.

पुढे आम्ही बिलावर उंची आणि मालाचा प्रकार लिहून देऊ, पावसाळ्यातल्या सूचनेचा कागदही करू, बसायची व्यवस्थाही बघतो आहे.

आपण या. फाटलेला भाग तेवढाच कापून नवीन तुकडा जोडता येतो. बोल्ट आणि ॲल्युमिनियम तेच वापरू, त्यामुळे पट्ट्याचे जे काय होतील तेवढेच द्या, मजुरी घेणार नाही. शनिवारी बाजारामुळे गर्दी असते, तो दिवस सोडून सकाळी दहाच्या आत आलात तर आधी आपलं काम धरतो. येताना खालचा चिखल तेवढा धुऊन आणा, वाळल्यावर नटावर पाना बसत नाही.