कोबेच्या भिंती तुटल्या नव्हत्या, सरकल्या होत्या!

दोन दिवस झाले एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "भूकंपात बंदराची भिंत वाचवायची तर जाड आणि जड बांधा, १९९५ ला जपानात कोबेच्या भिंती कमकुवत होत्या म्हणून तुटल्या, मागच्या मातीवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात." मला हे वाचून राहवलं नाही.

१) "तुटल्या". नाही हो. पोर्ट आयलंड, रोक्को आयलंड ही कोबे बंदरातली भराव टाकून केलेली बेटं, तिथले बोटी लागायचे धक्के म्हणजे काँक्रीटचे अवाढव्य डबे, केसन म्हणतात त्यांना, आत वाळू भरून समुद्रात ओळीने बसवलेले. १७ जानेवारीच्या पहाटे हादरे थांबले तेव्हा डबे बहुतेक अखंडच होते, पण समुद्राकडे सरकलेले, काही तर ५ मीटर, वर १-२ मीटर खचलेले आणि पाण्याकडे कललेले. कोबेच्याच मेरिकेन पार्कात असा ६० मीटरचा तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय, वाकडे झालेले दिव्याचे खांब, फुटून पाण्यात उतरलेली फरशी, फोटो जरूर बघा.

२) "जड बांधा". भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात बसतो, भिंत दुप्पट जड केली की तिला ढकलणारा जोरही दुप्पट! तळाशी घर्षण वाढतं हे खरं, पण तळच ढिला झाला तर? कोबेत डब्यांखालचा मऊ गाळ काढून वाळूसारखी माती भरली होती, ती सैल होती. पुळणीवर ओल्या वाळूत एका जागी पाय नाचवून बघा, घट्ट वाटणारी वाळू थुलथुलीत होते आणि पाय आत जातो, कारण कण जवळ यायला बघतात, मधल्या पाण्याला निसटायला वाट मिळत नाही आणि सगळा भार पाण्यावर येतो. तळाला हेच झालं, आणि भिंतीमागे झालं की तीच माती घट्ट लापशीसारखी भिंतीला पुढे रेटते.

कोबे बंदरातल्याच माया धक्क्यावर मात्र जास्त भूकंपभार धरून बांधलेल्या भिंती टिकल्या, म्हणजे मजबुतीला अर्थ आहे, पण ती हिशोबाने आलेली मजबुती, नुसतं काँक्रीट ओतून नाही.

३) "पैसे पाण्यात". हे सगळ्यात चुकीचं. १९८३ च्या भूकंपात जपानच्या अकिता बंदरात पोलादी शीट पाइलच्या (एकमेकांत अडकवून जमिनीत ठोकलेल्या पोलादी पट्ट्यांच्या भिंतीच्या) दोन धक्क्यांपैकी ज्याच्यामागची वाळू पातळ झाली तो पुढे झुकून पार बिघडला, दुसऱ्याला काही झालं नाही. आणि १९९३ च्या भूकंपात जपानच्याच कुशिरो बंदरात जिथे आधीच वाळू ठोकून घट्ट केली होती, पाणी निसटायला खडीचे उभे निचरे घातले होते, तिथले धक्के शाबूत राहिले, त्याच बंदरात तसं न केलेले बिघडले.