‘सगळं कॉर्टिसॉलमुळेच’ हे खरं नाही

कॉर्टिसॉल या ताणात वाढणाऱ्या संप्रेरकाबद्दलचा एकच मेसेज गेल्या महिन्यात मला तीन जणांनी पाठवला. ‘ताण आला की वजन वाढतंच. कितीही मोजून खा, कॉर्टिसॉल चरबी साठवतच राहतं. पोट सुटलं, चेहरा सुजला म्हणजे कॉर्टिसॉल वाढलंय. पळणं बंद करा आणि कॉर्टिसॉल बाहेर काढणारी पावडर सुरू करा.’ पाठवणारी तिन्ही माणसं खरोखर ओढाताणीत जगताहेत, म्हणून नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून सोडून देववत नाही. ताणाचा शरीरावर परिणाम होतो, यात वादच नाही. पण तो असा होत नाही.

‘वाढतंच’ यातला ‘च’ आधी काढू या. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा व्हाइटहॉल-२ हा अभ्यास १९८५ साली सुरू झाला, त्यात १०,३०८ जण होते. त्यातून २००६ मध्ये असं पुढे आलं, की कामाच्या ताणाखाली मुळात जाड असलेल्या पुरुषांचं वजन वाढलं, तर सडपातळ पुरुषांचं घटलं. स्त्रियांमध्ये असा फरक दिसला नाही.

माझ्या दादाचं वजन असंच उतरत गेलं. दोन महिन्यांत त्याने पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली. नोकरीचं टेन्शन घेतोय, असं आम्ही सगळेच म्हणत होतो, आणि टेन्शन होतंही. मग एकदा बँकेच्या फॉर्मवर सही करताना त्याची बोटं इतकी थरथरली, की सही जुळेना. तपासणीत थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचं निघालं. ताणाचं कारण आयतं हाताशी होतं, म्हणून आम्ही दुसरं शोधलंच नाही. सहा महिने ते वर्षभरात वजन आपोआप पाच टक्क्यांहून अधिक उतरलं, तर आयुष्यात कितीही ताण असो, डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

‘कितीही मोजून खा’ हेही अर्धंच खरं. कॉर्टिसॉल भूक वाढवतं, आणि ते दीर्घकाळ चढं राहिलं तर चरबी पोटाभोवती जास्त साठते. पण साठायला लागणारी ऊर्जा शेवटी खाण्यातूनच येते. ताण बहुतेकदा आडवाटेने काम करतो. झोप तुटते, जेवणाच्या वेळा कोलमडतात, चालणं सुटतं. २००४ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. १२ निरोगी तरुणांना एकदा दोन रात्री चारच तास झोपू दिलं आणि एकदा दहा तास पडून राहू दिलं. कमी झोपेनंतर भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त होतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी, आणि त्यांना जाणवलेली भूक २४ टक्क्यांनी जास्त. हे दोन रात्रींत! आजारी माणसाच्या उशाशी महिनोन्‌महिने जागणाऱ्याचं वजन वाढलं, तर ‘मनावर ताबा नाही’ असं त्याला कुणीही ऐकवू नये.

पळणं बंद करायचं काही कारण नाही. व्यायामाने कॉर्टिसॉल चढतं ते तेवढ्यापुरतं, नंतर उतरतं.

आता पावडर. कॉर्टिसॉल म्हणजे शरीरात साचलेला कचरा नव्हे. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते रोज बनवतात, सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. काम झालं की यकृत ते मोडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. ते बनायचंच थांबलं तर काय होतं, हे थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेल्या आजारात दिसतं. वजन उतरतं, रक्तदाब घसरतो, उपचार झाले नाहीत तर जीवही जातो.

कॉर्टिसॉल बेसुमार वाढण्याचा आजार खरोखर आहे. त्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. त्यात चेहरा गोल होतो, पण एवढंच नसतं. पोटावर जांभळट रुंद वळ उठतात, कातडी पातळ होते, जरा लागलं की काळंनिळं पडतं, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. त्याचं निदान आरशात पाहून होत नाही. त्यासाठी रात्री उशिराची लाळ, २४ तासांची लघवी, किंवा रात्री डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी रक्त तपासतात. आणि त्याचं सर्वांत नेहमीचं कारण ताण नसून कॉर्टिसॉलसारखंच काम करणारी स्टेरॉइडची औषधं हे आहे.

मेसेज पाठवणाऱ्या तिघांपैकी एक माझी मैत्रीण आहे. आठ महिने ती सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतेय आणि तिचा चेहरा गोल झालाय. पावडर मागवून गोळ्या आपल्याच मनाने बंद करायच्या, असं तिने ठरवलं होतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत असलं की आपल्या ग्रंथी सुस्तावतात. गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो, म्हणून डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावा लागतो. मी फोनवर तिच्याकडून गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅम वाचून घेतलं. उद्या ते पाकीट घेऊन ती डॉक्टरांकडे जातेय. तोवर आजची गोळी घ्यायची, असं आमचं ठरलंय.