कॉर्सेट उघड्या अंगावर? नाही, आत लिननची शिफ्ट असे

व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: 18व्या शतकात युरोपातले लोक कपडे धूतच नसत, बायका कॉर्सेट (धड आवळून धरणारं ताठ वस्त्र) थेट अंगावर आवळत, आणि 1914 साली ब्रा निघेपर्यंत आत घालायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. मी त्या काळचे कपडे हाताने शिवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

कॉर्सेटचं आधी. त्याच्या आत लिननची शिफ्ट, म्हणजे अंगालगत घालायचा सैल, लांब सदरा असे. व्हेलच्या तोंडातल्या ताठ, लवचिक पट्ट्या घातलेलं कॉर्सेट धुणार कसं? म्हणून घाम शिफ्टने टिपायचा आणि धुवायला शिफ्ट टाकायची. तिची बेतणी बघण्यासारखी आहे. सगळे तुकडे सरळ रेषेतले: आयत, चौकोन, बाजूंना त्रिकोणी कळ्या. लिननचा एक धागा हलक्या हाताने ओढून काढायचा आणि पडलेल्या रेघेवरून कात्री चालवायची. कापड जवळजवळ वायाच जात नाही. काखेत छोटा चौकोन तिरका बसवला की हात वर केला तरी शिवण उसवत नाही. आपल्या जुन्या कळीदार कुडत्यांतही हीच युक्ती आहे.

आता धुण्याचं. रेशमी, लोकरी झगे क्वचितच धूत, अंगभर पाणी घेऊन अंघोळही कमीच, हे मान्य. पण आतलं लिनन बदललं जाई, राखेच्या क्षारपाण्यात धुतलं जाई, गवतावर उन्हात वाळवलं जाई. संग्रहालयांतल्या कित्येक शिफ्टांवर बारीक फुलीटाक्यात मालकिणीची आद्याक्षरं आणि एक आकडा असतो. धुवायला गेलेले नग मोजून परत यावेत आणि सगळे आळीपाळीने वापरले जावेत, यासाठी तो आकडा. जे कधी धुवायचंच नाही, त्यावर आकडे कोण भरत बसेल? शिफ्टा आज कमी उरल्यात, कारण जीर्ण झाल्या की त्या चिंध्यांत जात आणि चिंध्यांचा कागद होई.

राहिली ब्रा. 1914 साली मेरी फेल्प्स जेकब यांना अमेरिकेत ब्राचं पेटंट मिळालं, तेवढंच खरं. ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्याच्या दुरुस्तीत 2008 साली वरच्या मजल्याच्या जमिनीखालच्या भरावात कापडांचे 2,700हून अधिक तुकडे सापडले. इन्सब्रुक विद्यापीठाच्या बेआट्रिक्स नुट्झ यांनी ते अभ्यासले. त्यांत दोन वेगळे कप असलेली लिननची वस्त्रं आहेत, एकाच्या बाजूला दोरी ओवायच्या छिद्रांची रांगही आहे. कार्बन चाचणीने त्यांचा काळ 15वं शतक ठरला, म्हणजे त्या पेटंटच्या चारशेहून अधिक वर्षं आधीचा.