स्पीकर घेताय? आधी शेजारी मोजा

हातात मावणारा, दणकट, पाण्यात पडला तरी न बिघडणारा ब्लूटूथ स्पीकर घ्यायचं तुम्ही मनावर घेतलंत, फार बरं केलंत. घरात टीव्ही आहे, माणशी एक मोबाइल आहे, लग्नसराईत समोरच्या मंगल कार्यालयाचा डीजे आहे, सकाळी कचरागाडी गात येते. एवढं असूनही आमच्या इंदूरात माणसाला दिवसाकाठी पाच-दहा मिनिटं शांतता सापडतेच. ती बुजवायला घरचं काहीतरी हवं. मी लोकमान्य नगरात राहतो. या खरेदीत मी एक स्पीकर, एक शेजारी आणि आईचा विश्वास घालवून बसलो आहे, तेव्हा सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस तुम्हाला मिळायचा नाही.

पहिली गोष्ट, गरज काय आहे ते बघू नका. गरज बघायला गेलात तर ती एवढीच निघते की आईला सकाळी ओट्यापाशी अथर्वशीर्ष ऐकायचं आहे. त्याला मोबाइल रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला तरी भागतं. तुम्ही स्वप्नापासून सुरुवात करा. पाताळपाणीचा धबधबा, श्रावणातला रविवार, पाठीवर सॅक आणि सॅकच्या पट्ट्याला हुकाने लटकवलेला स्पीकर. आता त्या धबधब्याच्या गर्जनेपुढे तुमचं गाणं तुम्हाला ऐकू येणार नाही हे खरं. पण पाण्याचा आवाज ऐकायला म्हणून जे लोक इतक्या लांब आलेले असतात, त्यांना ते बरोब्बर ऐकू येतं. धबधब्याला तुम्ही आयुष्यात दोनदा जाल, त्यातल्या एकदा स्पीकर घरी विसराल, पण घ्यायचा तो धबधब्यासाठीच.

मग जेल रोड गाठा. ऑनलाइन घेऊ नका, तिथे माल परत करता येतो आणि मग आयुष्यभर सांगायला काही उरत नाही. दुकानदाराला विचारा, वॉटरप्रूफ आहे का? मी विचारलं होतं.

“भिया, बाल्टी में डाल के चलाओ, कुछ नी होगा.”

“आणि गॅरंटी?”

“गारंटी पानी की नी रेती, भिया.”

इतकं स्वच्छ उत्तर मला आजवर कुठल्या वकिलानेही दिलेलं नाही.

पेटीवर ‘आयपीएक्स7’ असं छापलेलं असतं. या अक्षरांचा अर्थ काढत बसू नका, नुसतं भारदस्त वाटून घ्या. अर्थ काढलात तर विरस होतो. त्यातला पहिला आकडा धुळीचा, 0 ते 6. दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल, पण ते पाणी साधं, गोडं आणि गार हवं. साबणाचा फेस, समुद्र, तरणतलावातलं क्लोरीन यांचं नावही त्या चाचणीत नसतं. आणि ‘एक्स’? मला वाटलं होतं एक्स म्हणजे ‘एक्स्ट्रा’. एक्स म्हणजे धुळीची परीक्षा दिलेलीच नाही. प्रगतीपुस्तकात ‘गैरहजर’ लिहितात ना, ते. धूळही आत शिरू नये तर ‘आयपी67’ बघायचं असतं. दोन्ही पेट्या काउंटरवर शेजारी-शेजारी होत्या, फरक चारशे रुपयांचा. चारशे रुपयांत छप्पन दुकानवर, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, चौघांचं पोट भरतं, असा हिशेब करून मी एक्स उचलला. तुम्हीही उचला.

घरी आल्यावर सगळ्यांना बोलावून बादलीचा प्रयोग करायचा. मी केला. आई, बायको, वरच्या मजल्यावरचा मुलगा आणि त्याच्या हातातला शेवेचा वाडगा, अशी सभा न्हाणीघराच्या दारात जमली. स्पीकर गात होता. मी तो शस्त्रक्रियेच्या गांभीर्याने पाण्यात सोडला. चार बोटं खाली गेला आणि गाणं अडखळलं, मग बंदच पडलं. बायको म्हणाली, “गेले पैसे.” बाहेर काढला तर गडी पुन्हा गायला लागला! स्पीकर शाबूत होता, ब्लूटूथ बुडालं होतं. ते चालतं 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर आणि पाणी त्या लहरी पिऊन टाकतं. म्हणजे एक मीटर खोल अर्धा तास हा स्पीकर सुखरूप राहतो, फक्त गात नाही. माझ्या मते त्याची सर्वांत उत्तम अवस्था हीच, पण पेटीवर तसं कुणी छापत नाही.

वॉटच्या बाबतीत मन मोठं ठेवा. ‘पीएमपीओ’ लिहून पुढे चार आकडे असतील तर ते मोठ्याने वाचून दाखवा. त्या आकड्याला ठरलेलं मोजमाप नाही, ज्याला जो शोभेल तो तो छापतो. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो त्या ताकदीचा. तो 5, 10, फार तर 20 असतो, म्हणून बिचारा पेटीच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात राहतो. त्यातही गंमत अशी की 10 वॉटच्या जागी 20 वॉट घेतले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला वॉट सुमारे दसपट लागतात. शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट फरक दिसायला हवा असेल तर शंभर वॉटचा घ्यावा लागेल, आणि तो हातात मावत नाही, हातगाडीत मावतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. ती वाचून घाबरू नका. तुम्हाला ऐकू येणाऱ्या आवाजाला ‘मध्यम’ म्हणतात आणि दुसऱ्याच्या स्पीकरच्या आवाजाला ‘कलकलाट’, हे मोजमाप आपल्याकडे नियमांच्या आधीपासून चालत आलेलं आहे.

बॅटरी बारा तास म्हणतात, ती बहुतेकदा अर्ध्या आवाजावर मोजलेली असते. अर्ध्या आवाजावर स्पीकर वाजवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता बेस, म्हणजे खालचे सूर. इथे जरा थांबतो, कारण इथे मला खरंच दुखतं. आमचं शहर म्हणजे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचं. अतिविलंबित झुमरा ताल आणि मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, ती गंभीर आलापी. खाँसाहेब 1974 साली गेले, तरी इथल्या जुन्या मराठी घरांत त्यांच्याबद्दल अजून ‘काल ऐकलं’ अशा थाटात बोलतात. मी पहिल्याच रात्री दिवा घालवून त्यांचं ध्वनिमुद्रण लावलं. मध्य सप्तकात सगळं ठीक. खाँसाहेब मंद्रात उतरले आणि स्पीकर जिन्यावरच उभा राहिला. याचं कारण सरळ आहे. काळी एक या पट्टीचा मध्य षड्ज, म्हणजे मधला ‘सा’, सुमारे 139 हर्ट्झ, मंद्र षड्ज त्याच्या निम्मा, 69. इतका खालचा सूर काढायला भरपूर हवा हलवावी लागते आणि तळहाताएवढ्या डब्यात पडदा असतो बत्ताशाएवढा. म्हणून दोन्ही टोकांना रबरी पडदे बसवतात, ज्यांना तारही नसते नि चुंबकही नसतं. आतल्या हवेच्या दाबाने ते आपले धपापतात. दिसायला मात्र फार छान दिसतात, मुलं तासन्‌तास बघत बसतात. उरलेलं काम आपला मेंदू करतो. त्या सुराच्या पटीतले वरचे सूर ऐकून खालचा गायब सूर तो स्वतःच्या पदरचा घालतो. म्हणजे पैसे आपण द्यायचे आणि बेसही आपणच द्यायचा! आवाज वाढवून बघा म्हणाल, तर पडदा फाटू नये म्हणून असे बरेच स्पीकर मोठ्या आवाजात खालचे सूर आणखी दाबतात. डग्गा टेबलावर टिचकी मारल्यासारखा वाजतो. तुम्हाला यातलं काही जाणवू द्यायचं नसेल तर दुकानात नुसता धडधडाट असलेलं गाणंच लावून बघा आणि पंधरा सेकंदांत ‘वा’ म्हणा.

जोडणीसाठी शेजारच्या मुलाची मदत जरूर घ्या. मी वरच्या मजल्यावरच्या मुलाला म्हटलं, “बघ रे जरा.” त्याने आधी स्वतःच्या मोबाइलला जोडून बघितला, मग माझ्या, मग आईच्या. दहा मिनिटांत काम झालं, त्याला दोन गुलाबजाम दिले. मला काय ठाऊक, या डब्याची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे! एकदा जोडलेला मोबाइल तो विसरत नाही आणि सुरू केल्यावर टापूत जो ओळखीचा सापडेल त्याच्या गळ्यात पडतो. टापू साधारण दहा मीटरचा. आमचं छत तीन मीटरवर.

पौर्णिमेला घरी सत्यनारायण होता. आईने मंद सनई लावून स्पीकर देवापाशी ठेवला होता, कथा सुरू झाली तशी सनई थांबवली, पण स्पीकर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. चौथा अध्याय. साधुवाण्याची नौका बुडालेली, कलावती शोकाकुल, माझी आत्या डोळ्यांना पदर लावून बसलेली. एवढ्यात देव्हाऱ्यातून एक बाई शुद्ध इंग्रजीत म्हणाली, “कनेक्टेड.” आत्याने हात जोडले. गुरुजी थबकले. आणि पुढच्याच क्षणी वरच्या मुलाने त्याच्या खोलीत बघायला घेतलेली रील आमच्या चौरंगावर वाजायला लागली. त्यात एक माणूस दुसऱ्याला जे म्हणत होता ते मी इथे लिहू शकत नाही, पण आत्याचे जोडलेले हात तसेच राहिले. मी स्पीकरवरची बटणं दाबत सुटलो. पहिल्याने आवाज वाढला, दुसऱ्याने पुढची रील आली. शेवटी बायकोने तो उचलून तांदळाच्या डब्यात कोंबला. प्रसादाला वरून कुणी आलं नाही, तेव्हापासून जिन्यात भेटलं तरी कुणी बोलत नाही. रागवायचं आम्ही, पण त्यांचं म्हणणं असं की आम्ही त्यांच्या मुलाची रील चोरून ऐकली.

दणकटपणाची खरी कसोटी मात्र रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत. राजवाड्यापाशी टँकर, पंप, गुलाल उडवणारी यंत्रं आणि मावत नाही इतकी माणसं. तिथे आधीच ट्रकवर भिंतीएवढे भोंगे चालू असतात, म्हणून हातातला स्पीकर नेणं अत्यावश्यक. मी गळ्यात अडकवून नेला. टँकरचा फवारा थेट तोंडावर बसला, मी पडलो, स्पीकर गातच राहिला. पाण्याने त्याचं केसभर वाकडं केलं नाही, शपथेवर सांगतो. केलं ते गुलालाने. तो गैरहजर विद्यार्थी आठवतो ना, धुळीच्या पेपरचा? जाळीतून गुलाल आत, रबरी पडद्यांच्या कडांवर गुलाल, आणि प्रत्येक ‘सा’बरोबर पत्र्याचा डबा खरवडल्यासारखी खर्र.

घरी येऊन मी त्याला आंघोळ घातली. भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, कोमट पाणी. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकणही उघडून आतला रंग कानकोरण्याने काढला. बाहेरून इतका चकचकीत झाला की मलाच कौतुक वाटलं. बॅटरी संपली होती, म्हणून ओलाच चार्जिंगला लावला. ती बारीक ‘टिक’ मला अजून ऐकू येते. त्या स्पीकरने काढलेला तेवढा एकच स्वर खऱ्या अर्थाने शुद्ध होता.

पुढचे चार दिवस तो तांदळात होता. आता तांदळाला साबणाचा वास येतो.

पाचव्या दिवशी सकाळी कचरागाडी आली. तिच्या टपावर पत्र्याचा भोंगा तारेने करकचून बांधलेला. ऊन, पाऊस, धूळ, सगळं अंगावर घेत रोज गल्लोगल्ली गात फिरतो. ना त्याला आयपी, ना एक्स, ना बाई ‘कनेक्टेड’ म्हणते. बेस नाही, तक्रारही नाही. आणि त्याचा आवाज आला की जो वरचा शेजारी माझ्याशी बोलत नाही तोसुद्धा बनियनवर बादली घेऊन धावत खाली येतो. मी हातात स्पीकर घेऊन उभा होतो. ओला कुठे, सुका कुठे, हे मला पाठ आहे, पण हा नेमका कुठे?

गाडीवरच्या पोऱ्याने तो हातात घेतला, कानाशी धरून हलवला. आत पाणी डुचमळलं. त्याने उलटा करून मागचं वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“भिया, इसपे तो वॉटरप्रूफ लिखा है.”