पोर्ट वाइनमध्ये साखर घालत नाहीत हो!

पोर्ट, शेरी, मदेरा अशा स्पिरिट घातलेल्या वाइनांवरचा लेख छान, पण 'पोर्ट गोड लागते कारण तिच्यात साखर घालतात' हे वाक्य खटकलं. साखर घालतात त्या मालाडच्या ऑर्लेममधल्या आमच्या शेजारच्या आंटी, नाताळच्या वाइनला, चिनी मातीच्या बरणीत, वर फडकं बांधून. पोर्टचा गोडवा द्राक्षाचाच. रस आंबत असताना, साधारण निम्मी साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. ढोबळमानाने चार भागांना एक भाग. यीस्ट तिथेच गार, साखर जागच्या जागी. शेरीचं उलट, आधी पुरती आंबू देतात आणि मग स्पिरिट. म्हणून फिनो नावाची शेरी इतकी कोरडी, म्हणजे बिनगोड.

आणि मदेरा बेटावरच्या त्याच नावाच्या वाइनला दोनच ओळी? खरी गंमत तर तिथे आहे. जहाजातून विषुववृत्त ओलांडून, पार हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत आलेली पिंपं जास्त चवदार निघाली, तेव्हा लोक ती मुद्दाम तापवायला लागले. आजही साधी मदेरा टाकीत ४५ अंशांच्या आसपास निदान तीन महिने शेकते. उंची असेल तर उबदार माळ्यावर, लाकडी पिंपात, वर्षानुवर्षं. (मे महिन्यातला आमचा पत्र्याचा पोटमाळा आठवला.) एवढं सोसल्यावर उघडलेली बाटलीही महिनोन्महिने टिकते.

हाच हिशेब मी रूबी पोर्टला, म्हणजे तरुण लाल पोर्टला, लावला. गटारीला उघडलेली बाटली नाताळपर्यंत फडताळात. बूच काढलं तर रंग विटकरी आणि वास मनुका भिजवलेल्या पाण्याचा. शेवटी मटणात गेली.