येझदीवाल्या काकांना उत्तर: इंजीन कुठे बसलंय ते बघा

काका, नेरूळहून इतक्या तपशिलात झोडपलंत त्याबद्दल आधी आभार. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की होंडाची 1966-67 ची पाचशे सीसी, चार सिलिंडरची आरसी 181 ही शर्यतीची मोटारसायकल ताकदवान होती, पण जड इंजिनामुळे वळणांवर मार खायची. त्यावर काकांचं म्हणणं असं: त्याच गाडीवर ब्रिटिश शर्यतवीर माइक हेलवूडने 1967 ची सीनियर टीटी (आइल ऑफ मॅन बेटावरची पाचशे सीसीची शर्यत) जिंकली आणि इटलीच्या गिलेराच्या चार सिलिंडरांनीही ब्रिटिश नॉर्टनला हरवलं, मग हँडलिंगचं रडगाणं कशाला? शिवाय रेक (हँडलच्या आसाचा कल) आणि ट्रेल (तो आस पुढे वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल तिथपासून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) हा कागदी हिशोब; गाडी माणूस चालवतो, कोन नाही.

'जड इंजिनामुळे' हे मी ढिसाळ लिहिलं, मान्य. वजनापेक्षा ते कुठे बसलंय याला जास्त महत्त्व आहे. चार सिलिंडर आडवे, एका रांगेत मांडले की इंजीन रुंद होतं. गाडी कलंडली की त्याचा खालचा कोपरा रस्त्याला टेकणार, म्हणून ते वर उचलावं लागतं. वरून लांबलचक क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) वेगाने फिरत असतो, आणि फिरती वस्तू आपला आस बदलायला कुरकुरते. डावीकडून उजवीकडे गाडी झटकन पाडायची वेळ आली की ती कुरकुर हातांना कळते. म्हणजे इंजिनाचा प्रकार ठरला की चेसिसवाल्याचे अर्धे निर्णय आधीच होऊन बसलेले असतात. इंजीन आणि चेसिस या दोन वेगळ्या गोष्टी मानून भांडणं हीच चूक, आणि ती आपण दोघांनीही केली.

हेलवूडचं म्हणाल तर त्या टीटीतला त्याचा ताशी 108.77 मैलांचा लॅप 1975 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. पण त्या वर्षीचं पाचशे सीसीचं जागतिक विजेतेपद तीन सिलिंडरच्या इटालियन एमव्ही ऑगस्टावर जाकोमो अगोस्तिनीने नेलं. दोघांच्याही पाच-पाच शर्यती जिंकून झाल्या होत्या, निकाल कुणाचे दुसरे क्रमांक जास्त यावर लागला. (इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीत हेलवूड पुढे असताना गाडीनेच दगा दिला, तो हँडलिंगचा दोष नव्हे, हेही कबूल.) मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. 1968 मध्ये होंडाने शर्यतींतून अंग काढून घेतल्यावर हेलवूडने त्याच इंजिनासाठी इंग्लंडात रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीकडून वेगळी फ्रेम करून घेतली. माणूस तोच, इंजीन तेच, बदलली ती फक्त फ्रेम. त्याच्याइतका हात असलेल्या माणसाला ती बदलावीशी वाटली, यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

गिलेराची गंमत वेगळी. 1950 च्या पाचशे सीसी जागतिक विजेतेपदात गिलेरावरच्या उंबेर्तो मासेत्तीने नॉर्टनवरच्या जेफ ड्यूकला एका गुणाने मागे टाकलं, 28 विरुद्ध 27. त्या मोसमात ड्यूकच्या नॉर्टनचे टायर ऐन शर्यतीत फाटले होते. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची फेदरबेड फ्रेम नॉर्टनला त्याच वर्षी आली होती: दोन नळ्यांचे दोन वेढे, हँडलच्या कोनसेटपासून (हँडलच्या बेअरिंगपासून) मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशपर्यंत पीळ पडू नये अशी रचना. तिच्यात बसलेलं एक सिलिंडरचं उभं, अरुंद इंजीन. पुढच्या वर्षी ड्यूक विजेता झाला. 1952 मात्र पुन्हा मासेत्तीचं. मग 1953 ला ड्यूक गिलेरात गेला, तिथे फ्रेम सुधारून घेतली आणि सलग तीन वर्षं जिंकला. थोडक्यात, नॉर्टनचा माणूस आणि नॉर्टनचं शहाणपण इटलीला गेलं.

उलट टोकाचं उदाहरण मोटो गुझ्झी. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, तोही पुढच्या चाकाकडे तोंड करून आडवा झोपवलेला. वजन खाली, गाडी सडपातळ. 1953 ते 57 अशी सलग पाच विजेतेपदं! श्रेय सगळं हँडलिंगचं नाही. इटलीत मांदेल्लोला असलेल्या त्यांच्या कारखान्यात स्वतःचा वाऱ्याचा बोगदा होता आणि त्यातून आलेलं आवरण वारा कापत जायचं. पण झोपलेल्या सिलिंडरशिवाय इतकी बुटकी गाडी झाली असती का?

आता तुमचा कागदी हिशोब. चाकाची त्रिज्या 300 मिमी, पुढच्या चाकाचे शॉकअप हँडलच्या आसापुढे 50 मिमी. हँडलचा आस उभ्या रेषेपासून 26 अंश कललेला असेल तर ट्रेल सुमारे 91 मिमी येतो. कोन 25 केला तर 85. एका अंशाला सहा मिलिमीटर. ट्रेल जितका कमी, तितकी गाडी चपळ, पण हँडल सरळ राहायला तितकंच नाखूष. आणि एक अंश कमी करायला फार काही करावं लागत नाही. शॉकअप त्यांना धरणाऱ्या टीमधून इंचभर वर सरकवले की झालं.

हे मी स्वतः केलंय. मित्रांच्या नादी लागून बुलेटचे शॉकअप वर सरकवले, 'आता कशी चपळ वळेल बघ' म्हणत. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर हँडल असं थरथरायला लागलं की मागे बसलेल्या मेव्हण्याने त्यानंतर माझ्या गाडीवर पाय ठेवलेला नाही. नंतर कळलं, कोनसेटही ढिला होता. म्हणून सगळं पाप ट्रेलच्या माथी मारणार नाही. पण शॉकअप जागेवर आणले, कोनसेट कसला आणि गाडी पुन्हा शहाणी झाली.

त्यानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओळंबा आणि टेप घेऊन ट्रेल मोजायला शिकलो. वॉचमन गाडी सरळ धरायचा आणि काय चाललंय ते विचारायचा नाही, हे त्याचे उपकार.

मूळ लेखातलं 'जड इंजिनामुळे' काढून 'रुंद आणि उंचावर बसलेल्या इंजिनामुळे' असं केलंय. तुमच्या येझदीचा ट्रेल मोजायचा असेल तर एखाद्या रविवारी सकाळी नेरूळला येतो. ओळंबा माझ्याकडे आहे, गाडी धरायला माणूस तेवढा बघून ठेवा.