पुरुष असल्याचा दाखला कसा काढावा

काका, रागावू नका, पण तुम्ही पुरुष आहात याला पुरावा काय?

इंदूरच्या सुदामा नगरातलं घर, बँकेची पेन्शन आणि रविवारची पोहे-जिलबी हा काही पुरावा नव्हे. मिशासुद्धा नव्हे. आधार, मतदार कार्ड, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, सगळीकडे 'पुरुष' लिहिलंय खरं, पण ते कुठून आलं? जन्मल्या दिवशी सुईणीने एक नजर टाकली आणि बाहेर येऊन 'मुलगा झाला' म्हणाली. त्या एका नजरेवर तुम्ही सत्तर वर्षं काढलीत. ना अर्ज, ना शपथपत्र, ना तपासणी. इतक्या कच्च्या कागदावर बँकेने तुम्हाला सायकलीचं कर्जसुद्धा दिलं नसतं.

समजा, उद्या सरकारने सगळ्यांचेच लिंगाचे रकाने कोरे केले आणि म्हटलं, आता ज्याने त्याने सिद्ध करा. घाबरायचं कारण नाही. रीत तयार आहे. आपण आणि आपल्या शेजाऱ्यांनी ती तृतीयपंथीयांवर चांगली घासूनपुसून घेतली आहे. तीच तुम्हाला लावायची.

आधी घरचं पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला सांगून टाकलंय की आपलं लिंग कोणतं हे माणसाने स्वतः ठरवायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा हट्ट धरणं अनैतिक आहे आणि बेकायदाही. हा निकाल पाठ करा, पण खिडकीपाशी म्हणून दाखवू नका. खिडकीवर चालत आली ती तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने आणि २०२० च्या नियमांनी घालून दिलेली रीत. नमुना १ मध्ये अर्ज, नमुना २ मध्ये शपथपत्र, दोन्ही जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावे. म्हणजे तुमच्यासाठी मोती तबेल्यातली कलेक्टर कचेरी. त्या नियमांत वैद्यकीय तपासणी नव्हती, तीस दिवसांत दाखला. नाकारला तर नव्वद दिवसांत अपील. ऐकायला छान आहे. अट एवढीच की त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलेलं असावं. तुम्ही मध्ये चार महिने पुण्याला नातवाच्या बारशासाठी जाऊन बसलात, तेव्हा ते पुरुषत्व मोजायचं की नाही, हे आधी विचारून घ्या. (घरातून हाकललेल्या, दर सहा महिन्यांनी खोली बदलावी लागणाऱ्या माणसाने काय करायचं, हा तुमचा प्रश्न नाही. तुमचं स्वतःचं घर आहे.)

आणि हो, या पहिल्या दाखल्यावर 'पुरुष' येत नाही. त्यावर येतं 'ट्रान्सजेंडर'. 'पुरुष' किंवा 'स्त्री' हवं असेल तर शस्त्रक्रिया करून घ्यायची, वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा कागद जोडायचा आणि दुसरा दाखला मागायचा. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया चालेल का, असं कचेरीत विचारू नका.

दाखला मिळाला की खरं काम सुरू होतं. आधी तो, मग त्याच्यावरून आधार, मग आधारवरून पॅन, बँक, समग्र. हा क्रम उलटा केलात की प्रत्येक जण दुसऱ्याचा कागद आणायला सांगतो. मार्कशीटवर 'विनायक' आणि घराच्या रजिस्ट्रीत 'विनायकराव' असेल, तर दोन्ही एकच इसम असल्याचं आणखी एक शपथपत्र करून ठेवा. एवढं करून अडलंच, तर कलेक्टर कचेरीत तक्रारी ऐकायची मंगळवारची जनसुनवाई आहे. पाण्याची बाटली सोबत घ्या.

मधल्या काळात, म्हणजे रकान्यात 'ट्रान्सजेंडर' असताना, जरा जपून राहा. याच २०१९ च्या कायद्यात अशा व्यक्तीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा सांगितली. स्त्रीवर बलात्कार केला तर किमान दहा. दोन हा आकडा आपल्या कायद्याचा आवडता दिसतो. १८७१ च्या इंग्रजी कायद्यात, नोंदवहीत नाव असलेला 'हिजडा' बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसला तर त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होती. दीडशे वर्षांत साडीचा आणि अत्याचाराचा भाव एक झाला. महागाईच्या काळात असं स्थैर्य कुठे मिळतं?

घरचं जमत नसेल तर शेजारी आहेतच.

तुमच्यासाठी सगळ्यात खात्रीचं ठिकाण ढाका. बांगलादेशच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१३ मध्ये हिजड्यांना वेगळं लिंग म्हणून मान्यता दिली, जानेवारी २०१४ मध्ये राजपत्रात ओळभर मजकूर आला. हिजडा कोण, ते कुणी ठरवायचं, यातलं काहीही त्यात नाही. पुढे सरकारी नोकऱ्यांसाठी बारा जणांची निवड झाली आणि २०१५ मध्ये त्यांना वैद्यकीय तपासणीला पाठवलं. बारापैकी अकरा 'पुरुष' निघाले! नोकरी गेली, पण काका, तुम्हाला हवा असलेला शेरा त्यांना फुकटात मिळाला. कपडे काढायची तयारी ठेवा. तिथे डॉक्टरांखेरीज दवाखान्यातल्या इतर नोकरांनीही हात लावून पाहिलं आणि बाकीचे हसत उभे होते.

काठमांडूत अब्रू जास्त, काम तितकंच. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच स्वतःच्या जाणिवेवर लिंग ठरवायला सांगितलं, आपल्या सहा वर्षं आधी. नागरिकता प्रमाणपत्रावर 'अन्य' मिळतं. 'अन्य' नको, सरळ 'महिला' किंवा 'पुरुष' हवं म्हटलं की पुन्हा शस्त्रक्रियेचा कागद. गंमत म्हणजे २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात नोंदलेलं नेपाळचं पहिलं समलिंगी लग्न म्हणून जे गाजलं, त्यातली एक जोडीदार तृतीयपंथी स्त्री आहे. कागदावर ती पुरुष राहिली म्हणून लग्न समलिंगी झालं. तुमच्या नि काकूंच्या लग्नाचं काय होईल, ते रकाना भरेपर्यंत काकूंना सांगू नका.

श्रीलंकेत २०१६ पासून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. त्याची खात्री पटली तर प्रमाणपत्र, त्यावरून जन्मदाखल्यात बदल. रकाने मात्र दोनच. 'आपण पुरुष आहोत असं तुम्हाला केव्हापासून वाटतं?' याचं उत्तर तयार ठेवा. आणि दाखला येईपर्यंत शर्ट-पँट घालून फिरू नका. तिथे तोतयेगिरीचं कलम आहे आणि पोलिसांनी ते तृतीयपंथीयांवर वापरलेलं आहे.

कागदावर सगळ्यात सोपं पाकिस्तानात होतं. 'होतं' म्हणतोय. २०१८ च्या कायद्याने माणूस स्वतःला जे समजतो ते ओळखपत्रावर, डॉक्टर नाही, मंडळ नाही. वारसाहक्कसुद्धा त्याच ओळखीनुसार. भावकीत वाटणीचा वाद असलेल्या कुणालाही कळेल की गाडी इथेच अडणार. १९ मे २०२३ ला संघीय शरियत न्यायालयाने स्वतः ठरवलेली ओळख आणि वारसा यांची कलमं इस्लामविरोधी ठरवली. लाहोरला जायचंच असेल तर परतीचं तिकीट काढून जा.

एवढी धावपळ या वयात झेपत नसेल, तर आपल्याच राज्यातली एक वाट सांगतो. सोहागपूरने शबनम मौसींना आमदार केलं, कटनीने कमला जान यांना महापौर. दोघीही तृतीयपंथी. कटनीचं पद महिलांसाठी राखीव होतं. न्यायालयात प्रकरण गेलं, त्या 'पुरुष' ठरल्या आणि पद गेलं. त्यांनी तसा अर्ज कधी केलाच नव्हता. तर काका, एखादा महिला राखीव वॉर्ड बघा आणि निवडून या. पुढचं सगळं हरलेला उमेदवार करतो. वकिलाची फीसुद्धा तोच भरतो.